बेल्वेडियरचे पुढचे पाय इतके लांब का?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलहून वेस्टन-सुपर-मेअरला जाणाऱ्या गाडीतले बहुतेक लोक समुद्रासाठी उतरतात. मी आणि भाचा उतरलो ते तिथल्या हेलिकॉप्टर संग्रहालयासाठी. ते गावाबाहेर, जुन्या विमानतळावर आहे. "चालत जाऊ की" म्हणून निघालो आणि पस्तावलो. बस किंवा टॅक्सी करा. आठवड्यातले काही वार ते बंद असतं, तेही आधी बघून घ्या.

आत हेलिकॉप्टरांची नुसती दाटी. आम्ही आलो होतो ब्रिस्टल कंपनीच्या बेल्वेडियर हेलिकॉप्टरसाठी: पुढे एक पंखा, मागे एक. फिरत्या खुर्चीत बसून हात झटकन डावीकडे नेला की खुर्ची उजवीकडे वळते. एका पंख्याच्या हेलिकॉप्टरचं धडही असंच उलट फिरू पाहतं, म्हणून शेपटीला छोटा पंखा लागतो. दोन मोठे पंखे उलटसुलट फिरवले की ते एकमेकांचा झटका रद्द करतात.

ब्रिस्टलचे हेलिकॉप्टर-रचनाकार राऊल हाफनर यांच्या चमूने आपल्याच 'सिकॅमोर' या एका पंख्याच्या हेलिकॉप्टरचे पंखे एका लांब धडाच्या दोन टोकांना बसवले. तेच टाइप १७३, बेल्वेडियरचा पूर्वज. मधून जाणाऱ्या दांड्याने दोन्ही पंखे जोडलेले, म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही फिरवणार. कागदावर सगळं झकास! प्रत्यक्षात जमिनीवर पंखे फिरू लागले की त्यांचा हेलकावा आणि चाकांवर डुलणारं धड एका तालात यायचं आणि अख्खं यंत्र थडथडायचं. पहिलं उड्डाण लांबत लांबत जानेवारी १९५२ मध्ये झालं.

बेल्वेडियर बनली फक्त २६. १९६१ ते १९६९ ब्रिटिश वायुदलात होती. १९६२ मध्ये एकीने कॉव्हेंट्रीच्या नव्या कॅथेड्रलवर शिखर उतरवलं होतं.

भाच्याने नेमकं विचारलं, "मामा, हिचं नाक एवढं वर का?" नौदलाच्या आवृत्तीत पोटाखाली टॉर्पेडो अडकवायचा होता. नौदलाने माघार घेतली, उंच पाय मात्र राहिले, आणि सैनिकांच्या नशिबी उंच दारात चढायची कसरत आली. म्हणून फोटो समोरून नको, बाजूने काढा. धडाचा कलंडलेपणा तिथूनच दिसतो.

हँगरमध्ये गारठा असतो, स्वेटर न्या. नंतर समुद्रावर जाणार असाल तर ओहोटीला पाणी फार लांब जातं. त्याच्या मागे चिखलात शिरू नका, पाय रुततात.