नकाशावरच्या फुलीमागचे कारण

व्हीलचेअर, स्कूटर किंवा वॉकर घेऊन थीम पार्कमध्ये येणाऱ्यांना माहिती देणे हे माझे काम आहे. एखादी राइड त्यांच्यासाठी सोयीची आहे की नाही, हे एका शब्दात सांगता येत नाही. कारण कोणी चार पावले चालू शकते, कोणी हातांच्या जोरावर शेजारच्या आसनावर सरकते, तर कोणाला खुर्चीतून हलताच येत नाही. आमच्या नकाशावर मात्र एक तर व्हीलचेअरचे चिन्ह असते, नाही तर फुली.

त्या दिवशी मोटरच्या व्हीलचेअरवरून आलेल्या एका बाईंनी नकाशा पाहून विचारले, "नावेतले आसन फलाटापासून किती खाली आहे?" नावेच्या राइडपुढे चिन्ह होते, आकडा कुठेच नव्हता. मी टेप घेऊन त्यांच्याबरोबर गेले. रॅम्प एकास बारा उताराचा, फाटक ९० सेंटीमीटर रुंद, सगळे नियमाला धरून; पण नावेतले आसन फलाटाहून दहा सेंटीमीटर खाली आणि त्यांच्या खुर्चीची बैठक फलाटापासून पन्नास सेंटीमीटर वर. खाली उतरणे एक वेळ जमले असते, पण परतताना साठ सेंटीमीटर वर चढायचे कसे? राइडवर काम करणारी दोन मुले "आम्ही उचलतो ना" म्हणत थेट त्यांच्या काखेत हात घालायला पुढे झाली. हेतू चांगला असला, तरी न विचारता आणि शिकवणीशिवाय माणूस उचलणे धोक्याचे असते, आणि आमच्याकडे ही शिकवणी कोणाला दिलेली नाही.

रोलर कोस्टरपुढे फुली होती. तेथे मात्र आसन फलाटापासून पंचेचाळीस सेंटीमीटरवर, गाडीची बाजू पूर्ण उघडणारी. फळी लावून त्या सहज सरकल्या असत्या. मग फुली का? तंत्रज्ञांनी कारण सांगितले : चढावर गाडी अडकली, तर प्रवाशांना अरुंद जिन्याने चालत उतरवतात. चालता न येणाऱ्याला बचाव पथक आणते, पण सगळ्यांत शेवटी, आणि त्याला तासभर लागू शकतो.

बाईंनी थोडा विचार केला. त्या हवेच्या गादीवर बसत होत्या. तिच्याशिवाय कडक आसनावर तासभर बसल्यास त्वचेला जखम होण्याचा धोका होता. "मग नको," त्या म्हणाल्या. हेच उत्तर त्यांना रांगेच्या शेवटी, लोकांसमोर, नुसत्या नकाराच्या रूपात मिळाले असते.

त्यानंतर मी प्रत्येक राइडची आसनाची उंची, फाटकाची रुंदी, खुर्ची वळवायला असलेली जागा आणि अडकल्यास उतरवण्याची पद्धत असा तक्ता केला. वरिष्ठांनी मोजमापे छापली, पण इतर पाहुणे घाबरतील म्हणून शेवटचा रकाना गाळला. मला ते अजिबात पटलेले नाही. समोर आलेल्याला मी ते तोंडी सांगते. घरी बसून सहलीचा बेत आखणाऱ्यापर्यंत मात्र ते अजूनही पोहोचत नाही.