आमची वाटचाल : रंगाआधी फळीचा विचार

आमचा व्यवसाय मुळात सुतारकामाच्या कार्यशाळेचा. दरवाजे, कपाटे आणि स्वयंपाकघरातील खण ही आमची नेहमीची कामे होती आणि बाथरूममधील बेसिनखालचे कपाट हे त्यांना जोडून येणारे किरकोळ काम समजले जाई. ते कपाट बहुधा पांढरेच असे. पांढरे लॅमिनेट सहज मिळते, बेसिनशी त्याचा मेळ घालण्याची चिंता नसते आणि ग्राहकाला फारसा विचार करावा लागत नाही, एवढीच त्यामागची कारणे होती. पुढे गडद निळ्या, शेवाळी, विटकरी रंगांची आणि भिंतीला न टांगता स्वतःच्या पायांवर उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी युनिटची, म्हणजे बेसिनसह येणाऱ्या कपाटाची, विचारणा होऊ लागली आणि पाहता पाहता हेच आमचे मुख्य काम झाले.

या कामात आमची विचार करण्याची पद्धतच बदलावी लागली. कपाट आधी ठरवायचे आणि रंग शेवटी विचारायचा, हा सुतारकामातील जुना क्रम होता. ग्राहक मात्र रंग मनात ठरवूनच येतो आणि त्या रंगाबरोबर आतली फळी कोणती असावी हेही बरेचसे ठरून जाते. गडद रंगाचा, आरशासारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल, तर प्लायवुड तितकेसे उपयोगी पडत नाही. लांबी (पुट्टी) भरून कितीही घासले, तरी काही काळाने लाकडाच्या रेषा आणि सांधे रंगातून डोकावू लागतात. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा बारीक तंतुमय भुसा दाबून केलेल्या फळीवर, पीयू (पॉलीयुरेथेन) रंग अतिशय सुरेख बसतो, पण पाणी आत शिरले की हीच फळी फुगते आणि फुगलेली फळी पुन्हा पूर्वपदावर येत नाही. ओलावा सोसणाऱ्या एमडीएफला अनेकदा हिरवी छटा दिलेली असते. ती केवळ ओळखीची खूण आहे. तो हिरवा रंग स्वतः पाणी अडवत नाही आणि ओलावा सोसणे म्हणजे पाण्यात टिकणे नव्हे, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आवर्जून सांगतो. या फळीची कापलेली कड सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी अधिक पाणी शोषते. त्यामुळे युनिटच्या तळाच्या कडा, नळ्यांसाठी पाडलेली भोके आणि बिजागरांच्या खाचा यांना प्रायमरचे थर देऊन बंद करणे, या कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या कामावर रंगाचे आयुष्य अवलंबून असते.

ज्या बाथरूममध्ये आंघोळीची जागा काचेने किंवा भिंतीने वेगळी केलेली नाही आणि सगळी फरशी रोज भिजते, तेथे रंगवलेले एमडीएफ देण्यास आम्ही नकार देतो. काही ग्राहक त्यामुळे दुसरीकडे जातात. त्याला इलाज नाही. अशा ठिकाणी उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकणारे प्लायवुड घेऊन त्यावर रंगीत लॅमिनेट लावणे आम्हाला योग्य वाटते, मग छटांची निवड कमी झाली आणि कडेची पट्टी थोडी दिसली तरी चालेल. पीव्हीसी फोमची फळी पाण्याने फुगत नाही हे खरे, पण तिच्यात स्क्रूची पकड तुलनेने कमी असते आणि रुंद युनिटमध्ये ती वजनाने वाकते. भरीव लाकूड हवामानानुसार रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. म्हणून त्याच्या दारातील मधली फळी चौकटीत मोकळी ठेवावी लागते, अन्यथा सांध्यावर रंगाला चीर जाते.

पायांवर उभ्या युनिटचा मोठा फायदा असा, की बेसिन आणि दगडाचे वजन भिंतीवर येत नाही, त्यामुळे पोकळ किंवा हलक्या भिंतीपाशीही ते ठेवता येते. मात्र बाथरूमची फरशी सपाट नसते. शंभरास एक एवढा उतार धरला, तरी ९० सेंटीमीटर रुंदीच्या युनिटच्या दोन टोकांत सुमारे ९ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणूनच पाय खालीवर करता येतील असेच घ्यावेत आणि खाली फरशी पुसता येईल एवढी, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर, जागा सोडावी. शिवाय युनिट मागून भिंतीला एका पट्टीने अडकवणे आम्ही टाळत नाही, कारण ते थोडे जरी सरकले तरी नळीच्या सांध्यावर ताण येतो. सांडपाण्याची नळी फरशीतून वर येत असेल, तर उघड्या पायांमधून ती दिसणारच. हे मागणी नोंदवण्यापूर्वी पाहिलेले बरे.

मापांबद्दल थोडक्यात सांगायचे, तर बेसिनची वरची कड फरशीपासून ८० ते ८५ सेंटीमीटरवर असणे बहुतेकांना सोयीचे जाते. वर ठेवायचे वाडग्यासारखे बेसिन घेतल्यास कपाटाची उंची तेवढी कमी करावी लागते, आणि ही गोष्ट हमखास विसरली जाते.

आता रंगाच्या निवडीविषयी. २७०० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारे माप) पिवळसर प्रकाशात निळा रंग मळकट किंवा हिरवट भासतो आणि ४००० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात तोच स्वच्छ दिसतो. म्हणून तळहाताएवढ्या तुकड्यावरून निर्णय न घेता आम्ही चांगला मोठा रंगवलेला नमुना ग्राहकाकडे देतो. तो भिंतीवर उंच न धरता, युनिट जेथे येणार तेथे फरशीजवळ उभा ठेवायचा, कारण बेसिनच्या कडेखाली प्रकाश कमी पोहोचतो आणि रंग अपेक्षेपेक्षा गडद दिसतो. गडद रंगावर क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात. फार चकचकीत पृष्ठभागावर पुसण्याचे ओरखडे दिसतात आणि अगदी मॅट पृष्ठभागावर साबण लागलेल्या बोटांचे ठसे बसतात. आमचा कल मधल्या, रेशमी चमकेकडे आहे. हाताला पकडण्यासाठी मूठ जरूर असावी, म्हणजे ओला हात थेट रंगावर पडत नाही.

छटेच्या नावावर आम्ही विसंबून राहत नाही. ‘नेव्ही ब्लू’ म्हटले, की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा निळा असतो. जर्मनीत १९२७ मध्ये ४० रंगांनी सुरू झालेल्या राल या पद्धतीत आज प्रत्येक छटेला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि मागणीपत्रावर आम्ही तो क्रमांक व चमकेचे प्रमाण दोन्ही लिहितो. एकच क्रमांक, पण चमक वेगळी असेल, तर शेजारी ठेवलेली दोन दारे भिन्न रंगांची वाटतात. युनिट बसवून झाल्यावर हा तपशील दाराच्या आतल्या बाजूस चिकटवतो आणि त्याच मिश्रणातील थोडा रंग बंद डबीत ग्राहकाकडे ठेवून येतो.