टरफलाचं कमळ

हो ची मिन्ह सिटीहून व्हिएतनाम युद्धातली कू चीची भुयारं बघायला निघालेली आमची बस वाटेत एका कारखान्यापाशी थांबली. काळ्या चकचकीत रोगणाच्या तबकांवर बदकाच्या अंड्याची टरफलं चिकटवून तिथे चित्रं करतात.

पहिल्याच बाकावर तिशीतला एक मुलगा होता. उजव्या हाताला दोनच बोटं. त्यांत चिमटा धरून तो तांदळाच्या कणीएवढा टरफलाचा तुकडा उचलायचा, तबकावर ठेवून हलकेच दाबायचा. तडा जायचा आणि कमळाच्या पाकळीवर रेघ उमटायची. मी तिथून हललेच नाही. शेजारच्या काकूंनी सवयीने घासाघीस सुरू केली, तेवढ्यात गाइड हळूच म्हणाला, "ह्याचे आजोबा जंगलात लढत होते. दा काम." काकू गप्प झाल्या.

दा काम म्हणजे नारिंगी. पिंपांवरच्या नारिंगी पट्ट्यावरून त्या विषाला एजंट ऑरेंज नाव पडलं. जंगलाचा आडोसा जावा, गनिमांचं पीक जळावं म्हणून 1962 ते 1971 या काळात अमेरिकी विमानांनी इथे सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशकं फवारली. त्यातलं निम्म्याहून जास्त हेच. त्यात डायॉक्सिन हे जहाल रसायन होतं. ते गाळात मुरलं, माशांत-बदकांत गेलं, तिथून माणसांच्या ताटात.

चार दिवसांनी दा नांगला उतरलो. ही पिंपं जिथे साठवत, त्यांपैकी हा एक हवाई तळ. 2012 ते 2018 इथली माती खणून, 300 अंशांच्या वर तापवून शुद्ध केली. पैसा मुख्यतः अमेरिकेचा.

माती धुऊन निघाली. माणसांचं काय? 1984 मध्ये हे रसायन बनवणाऱ्या कंपन्यांनी अमेरिकी सैनिकांशी 18 कोटी डॉलरची तडजोड केली. सैनिकांच्या ज्या मुलांच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष आहे, त्यांना तिथलं सरकार भत्ता देतं. व्हिएतनामी पीडितांचा दावा मात्र न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2005 मध्ये फेटाळला. इथल्या अपंगांसाठी अमेरिका पैसे देते, पण ती 'मदत' म्हणून. भरपाई हा शब्द येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच सलतं. भरपाई मागता येते. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर.

2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा बिएन होआ या अशाच दुसऱ्या तळावरचं सफाईचं काम काही आठवडे अडलं. खणलेली विषारी माती उघडी पडली होती, आणि पावसाळा तोंडावर आला होता.