तिथी, पाऊणकी आणि ओहोटी : शाळेत न जाणाऱ्या दोन मुलांबरोबर किनाऱ्यावर

आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत. मोठी आठ वर्षांची, धाकटा पाचचा. मुंबईत राहत असल्यामुळे समुद्र हाताशी आहे. भरती-ओहोटीचा विषय मी काढलेला नाही, तो मोठीच्या एका तक्रारीतून सुरू झाला: "मागच्या वेळी याच वेळेला आलो होतो, तेव्हा खडक होते. आज कुठे गेले?" या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं, पण दिलं की विषय संपतो. मी तिच्या हातात भिंतीवरची दिनदर्शिका दिली आणि किनाऱ्यावर गेलो की पाणी कुठे होतं ते त्या दिवसाच्या चौकोनात लिहायला सांगितलं. पुढे काय होत गेलं, काय जमलं आणि काय अडलं ते इथे लिहिते. ज्यांना मुलांबरोबर असं काही करायचं आहे त्यांना उपयोग होईल.

कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, प्रतिपदेपासून एक धरून मोजायचं. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्हीला पंधरा. ओहोटी काढायला सहा तास मिळवायचे किंवा वजा करायचे, काटेकोर हवं तर सहा तास बारा मिनिटं. आजीनं पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केलेली, त्यामुळे तिच्या तोंडून पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार असं एका दमात आलं. मोठीला पाऊण म्हणजे काय हे घड्याळावरून माहीत होतं, तिनं बोटांवर मोजत पंधरापर्यंत तक्ता केला. अपूर्णांक शिकवायला बसलं की कंटाळणारी हीच मुलगी, हे नोंदवायला हवं.

हिशेबात तीन ठिकाणी गाडी अडते.

पहिली अडचण दिनदर्शिकेची. चौकोनात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. क्षयतिथी आली की मधला आकडा गायब होतो आणि वेळ एकदम दीड तासानं पुढे जाते. वृद्धितिथीला एकच तिथी दोन दिवस, म्हणजे हिशेबानं भरतीही दोन्ही दिवस एकाच वेळी, समुद्र मात्र तेवढ्यात पाऊण-एक तास पुढे सरकलेला. मूल गोंधळतं आणि स्वतःचा गुणाकार चुकला असं समजतं. तेव्हा तिथी कधी संपते ते सांगणारी चौकोनातली बारीक अक्षरं दाखवावीत, बाकी काही बोलू नये.

दुसरी अडचण जास्त गमतीची. मोठीनं सगळ्या वेळा चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी मांडल्या. रोज पंचेचाळीस मिनिटांची पायरी, छान सरळ रेघ. पण पौर्णिमेला सव्वाअकरा आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण वाजता. एका रात्रीत दीड तास. "समुद्र उडी मारतो का?" मारत नाही. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे जाते, म्हणजे सातशेवीस मिनिटं. पंधरानं भागली की अठ्ठेचाळीस. जुन्या हिशेबात दर तिथीला तीन मिनिटं कमी धरली आहेत, ती पंधरवड्याच्या शेवटी पंचेचाळीस होऊन साचतात. पाऊणऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटं धरली की उडी नाहीशी होते, पौर्णिमेला बरोबर बारा येतात. अठ्ठेचाळीस मिनिटं म्हणजे दोन घटका, तेव्हा घटकांत मोजणाऱ्याला तिथीची दुप्पट एवढंच करावं लागलं असतं. मग पाऊणपट का रूढ झाली? घड्याळ आल्यावर पाऊणकी येणाऱ्याला ती सोपी, असा माझा अंदाज.

तिसरी अडचण अशी की अठ्ठेचाळीसही छापील तक्त्याशी जुळत नाहीत. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच पुढे जाते. अष्टमी-नवमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हाच उशीर तासाच्या वर जातो. सूर्य आणि चंद्र दोघंही पाणी ओढतात आणि त्यांची ओढ कधी एका रेषेत, कधी आडवी असते, त्याचा हा परिणाम. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. म्हणून आमच्या घरी नियम ठरला: पाऊणकी अंदाजासाठी, घराबाहेर पाऊल टाकायचं ते छापील तक्ता पाहूनच. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, वर्तमानपत्रांतही रोजच्या वेळा येतात.

तक्त्यात वेळेबरोबर मीटरमध्ये उंची असते, तिच्याकडे बरेच जण पाहत नाहीत. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते, पावसाळ्यात काही दिवशी त्याहून वर. ओहोटीचा आकडा एक मीटरच्या खाली असेल तरच खडक नीट उघडे पडतात, अर्ध्या मीटरच्या खाली असेल तर उत्तम. भांगाची ओहोटी दीड-दोन मीटरवरच थांबते, तेव्हा मुलांना नेऊन काहीच दिसत नाही आणि सगळे चिडतात. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, दोन्ही आकडे पाहावेत. उधाण पौर्णिमेच्या एक-दोन दिवस नंतर येतं, तेव्हा द्वितीया-तृतीया सगळ्यांत सोयीची. ओहोटी साडेसात-आठच्या आसपास येते, ऊन चढायच्या आत काम होतं.

पाणी कसं चढतं हे पाहायला जेट्टीच्या पायऱ्या फार कामाच्या. वरून मोजून कितवी पायरी बुडाली ते दर अर्ध्या तासानं लिहायचं. लाटांमुळे आकडा हलतो, म्हणून दहा लाटा पाहून बहुतेक लाटा जिथपर्यंत येतात ती पायरी धरायची. खडूच्या खुणा ओल्या दगडावर टिकत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं आणि त्यावरून मोठी माणसंही आपटतात, तेव्हा मुलानं कोरड्या पायरीवरच बसायचं आणि मोठ्या माणसानं त्याच्या एक पायरी खाली.

पाणी सारख्या वेगानं चढत नाही, हे पायऱ्यांवर लख्ख दिसतं. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरच्या फरकाला पहिल्या तासात जेमतेम तेहतीस सेंटिमीटर, म्हणजे दोन पायऱ्या, आणि तिसऱ्या तासात पुरता एक मीटर. गोत्यात आणतं ते हेच. ओहोटीनंतर तासभर पाणी हललंच नाही असं वाटतं, माणूस निर्धास्त होतो आणि मग मागच्या खोलगट जागेतून पाणी शिरून परतीची वाट बुडते. म्हणून ओहोटीच्या दीड तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्यामागून पुढे जायचं आणि ओहोटीच्या वेळेला मागे फिरायचं. मोठीच्या गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ असतं, परतीची शिट्टी तीच वाजवते. मुलांच्या कलानं शिकू द्यायचं हे खरं, पण मागे फिरायची वेळ वाटाघाटीला नसते.

बरोबर काय न्यायचं? जुने कॅनव्हासचे बूट, मोजे घालून. चपला शेवाळावरून घसरतात आणि कालवांच्या धारेनं पाय कापतो. आइस्क्रीमचा पांढरा डबा, भिंग, पिण्याचं पाणी, टोपी, कोरडे कपडे. जाळी आणि बादली नको, त्या हातात आल्या की मुलांचं लक्ष पाहण्यावरून पकडण्यावर जातं.

वांद्र्याच्या कार्टर रोडसारख्या ठिकाणी काळा बेसॉल्ट उघडा पडतो. वरच्या पट्ट्यात पांढरे खरखरीत बार्नेकल आणि बारीक गोगलगायी, त्याखाली कालवं, आणि अगदी पाण्यालगत समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), शंखात राहणारे खेकडे, खडकाला गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड, समुद्रफुलांचेच भाऊबंद. चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारतात. कोण किती वेळ उन्हात तग धरतं त्यावर हे पट्टे ठरतात. मोठीनं हे पट्टे पायऱ्यांच्या आकड्यांशी जोडले. धाकट्याला यातलं काही नको होतं. तो वाळूच्या पट्ट्यात एका बिळासमोर पालथा पडून राहिला. खेकडा वाळूची चिमूट तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं गाळून घेतो, उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो, आणि बिळाकडे परतायची वाट मोकळी ठेवतो. सावली पडली की गुडुप. किती वेळ हललं नाही तर तो परत येतो, हे धाकट्यानं स्वतः शोधलं. हाका मारून त्याला समुद्रफुलं दाखवायचा मोह मला होत होता, आवरला.

दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या जिवांना ऊन सोसत नाही. डब्यात घेतलेला जीव दोन मिनिटांत त्याच डबक्यात सोडायचा. शंख घरी आणायचे नाहीत. रिकामा वाटला तरी आत खेकडा असू शकतो. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. शंकूच्या आकाराच्या शंखाला मुळीच हात लावायचा नाही, त्यातला प्राणी विषारी नांगी मारतो. वाळूतल्या उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायचं म्हणजे पाकट, शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जातं. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांचे काटे लागले होते. पावसाळ्यात जेलीफिशसारखे दिसणारे निळे ब्लू बॉटल वाहून येतात, वाळूवर मेलेलेही डसतात. डसलं तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, चोळायचं नाही, चिकटलेले तंतू उघड्या हातानं न काढता चिमट्यानं काढायचे, मग सोसेल इतकं गरम पाणी आणि डॉक्टर. जून ते सप्टेंबर आम्ही खडकांवर जातच नाही, पायऱ्यांवरून मोजणीही बंद.

कालवं फोडणाऱ्या कोळी बायकांशी मुलांना बोलू द्यावं, पण त्यांच्या कामाच्या वेळेत नाही. त्यांनाही तेवढेच दोन-तीन तास मिळतात. परतीच्या वाटेवर "मावशी, उद्या किती वाजता येणार?" एवढं विचारलं की त्या तक्ता न पाहता वेळ सांगतात. मोठी ती वेळ वहीत लिहून छापील वेळेशी ताडून पाहते.

परीक्षेचं काय, असं नातेवाईक विचारतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची परीक्षा आहे, दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. आत्ता त्याची घाई नाही. तारीख घातलेली वही मात्र जपून ठेवते.

सध्या गोव्याला जायचं चाललंय. मोठीनं मुंबईचीच वेळ धरून बेत आखला होता. तिथला तक्ता मिळाल्यावर तिला दिसलं की तिकडे उधाणालाही भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास, तर उत्तरेला खंबातच्या आखातात भावनगरला तोच दहाच्या घरात. दोन्ही आकडे तिनं नकाशावर लिहिलेत. आता मधल्या बंदरांचे आकडे हवे आहेत, ते शोधायचं काम तिनं माझ्यावर टाकलंय.