तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणात सुट्टीसाठी घर कसं निवडायचं?

"समुद्राजवळ घर हवंय, बारा जण आहोत, कुठलं घेऊ?" हा प्रश्न दिवाळी झाली की सुरू होतो आणि मे संपेपर्यंत थांबत नाही. कोणाची तयारी रात्रीला दोन हजारांची असते, कोणाची पन्नास हजारांची. दोघांनाही आमचं पहिलं सांगणं एकच असतं: घर समुद्रासमोर शोधू नका, माडांच्या वाडीत शोधा.

किनाऱ्याला घरं तीन ठिकाणी असतात. पुळणीला (वाळूच्या किनाऱ्याला) लागून, तिच्या मागच्या नारळ-पोफळीच्या वाडीत, किंवा वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर. पुळणीवरच्या घराचं भाडं सगळ्यांत जास्त. पण आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन थेट खोलीत येतं आणि ज्या काचेसाठी जादा पैसे मोजले तिच्यावर पडदा ओढून बसावं लागतं. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या, नळ, एसीची बाहेरची पेटी सगळं गंजतं. मालक दरवर्षी दुरुस्ती करणारा नसेल तर फोटोतलं घर आणि प्रत्यक्षातलं घर यांत दोन पावसाळ्यांचं अंतर पडतं. गुहागर, दिवेआगर, नागाव इथे जुन्या लोकांनी घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाडी ठेवली ती उगीच नाही. सावली मिळते, वारा अडतो, आणि पाच-सात मिनिटं चाललं की पाय वाळूत. सड्यावरून समुद्र सुंदर दिसतो हे खरं. पण एप्रिल-मे महिन्यांत तिथे पाणी टँकरचं असतं, खाली पुळणीवर उतरायचं तर चढ-उतार आजी-आजोबांना झेपत नाही, आणि जांभ्याच्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. सड्यावर राहणारच असाल तर रात्री विजेरी आणि बंद बूट याशिवाय अंगणात पाऊल टाकू नका.

"समुद्रापासून २०० मीटर" असं लिहिलेलं असतं, ते नकाशावरचं सरळ रेषेतलं अंतर असतं. मध्ये खाजण (भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन) असू शकतं, कोणाची कुंपण घातलेली वाडी असू शकते. म्हणून "चालत किती मिनिटं आणि वाट कुठून?" असं विचारा. श्रीवर्धन तालुक्यातलं घर असेल तर फोटो कधीचा तेही विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या वाड्या आडव्या झाल्या, आणि नव्याने लावलेल्या माडाला सावली द्यायला बरीच वर्षं लागतात.

आता पाणी, कारण सुट्टी बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यापायी. माणशी दिवसाला १३५ लिटर धरा. बारा जणांचे झाले १,६२० लिटर. गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी असेल तर समुद्रावरून येऊन सगळ्यांच्या आंघोळी उरकेपर्यंत ती संपते. पंप लावून पुन्हा भरायची तर वीज हवी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही. ते आंघोळीला चालतं, पण पिण्याचं पाणी कुठून येतं हे स्वतंत्रपणे विचारावं.

विजेबाबत "बॅकअप आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. इन्व्हर्टर की जनरेटर? १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-अवर, हाती लागतात त्याहून बरेच कमी. चार पंखे आणि थोडे दिवे तीन-चार तास चालतात, तेही बॅटरी नवी असेल तर. दीड टनाचा एसी एकटाच साधारण दीड हजार वॅट ओढतो, तो इन्व्हर्टरवर चालत नाही. मे महिन्यात लहान बाळ किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर जनरेटर असलेलंच घर घ्या, आणि डिझेलचे पैसे भाड्यात धरलेत का ते आधी ठरवा. पावसाळ्याच्या तोंडाला वीज तासन्‌तास जाते. वीज गेली की पंप बंद, मग नळही कोरडे.

खर्चाचं गणित माणशी करा. हिशोबापुरते आकडे धरू: व्हिला रात्रीला २४,००० रुपये, दोन रात्री ४८,०००. रात्रीचा दर ७,५०० च्या वर असल्याने १८ टक्के जीएसटी लागला तर आणखी ८,६४०. जेवण-नाश्ता माणशी दिवसाला हजार, बारा जणांचे दोन दिवसांचे २४,०००. एकूण ८०,६४०, म्हणजे माणशी ६,७२०. आयत्या वेळी चौघं गळाली तर जेवणाचे तेवढे वाचतात, भाडं तेच राहतं आणि माणशी खर्च ९,०८० वर जातो. तेच आठ जण घरगुती सोयीच्या चार खोल्यांत राहिले, खोली २,५०० आणि जेवण ८०० धरलं, तर माणशी ४,१०० होतात, आणि कोणी गळालं तर खोलीच कमी करता येते. म्हणून येणारे पक्के झाल्याशिवाय अख्खा व्हिला घेऊ नये.

हात आखडता असेल तर "राहण्याची व जेवणाची घरगुती सोय" ही पाटी सगळ्यांत भरवशाची, कारण मालक तिथेच राहतो. बिघाड झाला तर तो समोर असतो. जेवण आदल्या रात्री सांगावं लागतं आणि उकडीचे मोदक हवे असतील तर त्याहूनही आधी. पर्यटन महामंडळाची गणपतीपुळे, तारकर्ली इथली निवासं मधल्या बजेटला बरी, पण सुट्ट्यांत ती फार लवकर भरतात. मोठा व्हिला घेणाऱ्यांनी केअरटेकर रात्री आवारात झोपतो का, स्वयंपाकी आहे का आणि स्वयंपाकघर वापरू देतात का, हे विचारावं. बेडरूम किती यापेक्षा तळमजल्यावर बाथरूमसह एक तरी खोली आहे का, हे महत्त्वाचं. बऱ्याच दुमजली व्हिलांत खाली नुसता हॉल असतो. पैसे थोडे वाढवायचे असतील तर आधी जनरेटरवर वाढवा, मग स्वयंपाक्यावर. समुद्र दिसण्यावर सगळ्यांत शेवटी.

पोहण्याचा तलाव असेल तर पाणी किती खोल ते फुटांत विचारा आणि भोवती कुंपण आहे का तेही. खासगी व्हिलात जीवरक्षक नसतो. भिंत हाताला बुळबुळीत लागली तर शेवाळ धरलंय, म्हणजे क्लोरिन किंवा गाळण कमी पडतंय. त्यात मुलांना सोडू नका.

समुद्राचंही आधी बघून घ्या. गणपतीपुळ्याचा किनारा उतरता आहे, गुडघाभर पाण्यातून दोन पावलांत माणूस खोल जातो. भरतीची वेळ काढायला जुना हिशोब आजही उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे साधारण पावणेचारला भरती आणि सहा तासांनी, पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ओहोटी लागली की पाण्यात खोल जायचं नाही. अलिबाग-मुरूडकडे ओहोटीला समुद्र खूप आत जातो, म्हणून पोहायचं असेल तर वेळ जुळवूनच बाहेर पडा.

पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉल करा, तोही दिवसाउजेडी. समोरच्याला नळ सोडायला सांगा, फ्लश करायला सांगा, गच्चीवर जाऊन चारी बाजू दाखवायला सांगा. शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथेच कळतं. मग फाटकापासून समुद्राकडे जाणारी वाट दाखवायला लावा. सबबी सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नका. खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा, निम्म्याहून जास्त आधी भरू नका, आणि किती माणसं, किती गाद्या, कर धरून की वेगळा, डिपॉझिट कधी परत, हे सगळं मेसेजमध्ये लिहून घ्या. गोव्यात घर घेत असाल तर पर्यटन खात्याचा नोंदणी क्रमांक मागा. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला तिथे नोंदणी लागते.

तारखांचं थोडं. गणपतीत घरगुती सोयवाल्यांकडे जागा मागू नका, मुंबईहून सगळं घर आलेलं असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा ताज्या माशासाठी जाणाऱ्यांनी तो काळ टाळावा. पावसाळ्यात मुंबईहून अलिबागकडे जाणारी गेटवे-मांडवा लाँच बंद असते आणि गाड्या नेणारी रो-रो बोट हवामान बघून सुटते. पावसाळ्यातलं बुकिंग करताना फेरी किंवा घाट बंद झाला तर तारीख बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारून ठेवा.