संध्याकाळी सहाची भूक

मंगळवार, रात्र

संध्याकाळी सहाला लागणारी भूक अर्धी खरी, अर्धी उसनी. ‘टेन्शनमुळे खाल्लं’ म्हणून सगळा दोष मनावर टाकून लोक मोकळे होतात. दुपारी साडेबाराच्या डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी एवढंच होतं, हे कोणी विचारतच नाही. तिथून सहापर्यंत साडेपाच तास आणि मध्ये फक्त दोन चहा. मग घरात शिरताच हात फरसाणाच्या डब्याकडे गेला तर नवल कसलं?

आधी शरीराचा हिशेब. जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी त्याची पातळी चढते आणि खाल्ल्यावर उतरते. त्याला घड्याळाची सवय लागते, म्हणून रोज सहाला चिवडा खाणाऱ्याला सहालाच भूक लागते. गंमत अशी की त्या वेळी काही खाल्लं नाही तरी ही लाट थोड्या वेळाने ओसरते. ‘आत्ता नाही खाल्लं तर भूक वाढतच जाईल’ ही समजूत म्हणूनच फारशी खरी नाही.

आता ताणाची बाजू. चारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, त्या क्षणी कोणालाच भूक लागत नाही. ॲड्रेनलिन वाढतं, पचन मंदावतं, मेंदूतून सुटणारं ताणाचं पहिलं संप्रेरकही भूक दाबतं. त्यामागून कॉर्टिसॉल हे ताणाचंच आणखी एक संप्रेरक येतं आणि ते बराच वेळ रेंगाळतं. त्याचा कल उलट, भूक वाढवण्याकडे, त्यातही गोड आणि तळलेल्या पदार्थांकडे. अपमान चारचा आणि भूक सहाची, म्हणून दोन्हींचा संबंध माणसाच्या लक्षातच येत नाही. सगळ्यांचं असंच होतं असंही नाही. ताणात ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही अशी माणसंही भरपूर आहेत, आणि त्यांना ‘खा रे, बरं वाटेल’ म्हणण्यात काही अर्थ नसतो.

बुधवार

खरी भूक ओळखायला वही लागते, ॲप नसलं तरी चालतं. पाच रकाने पुरतात: वेळ, शेवटचं खाणं किती तासांपूर्वी, भूक शून्य ते दहा, मनात काय चाललंय, आणि काय किती खाल्लं. पहिले चार रकाने घास तोंडात जायच्या आधी भरायचे. इथेच बहुतेकांचं फसतं. रात्री अंथरुणात पडून आठवून लिहिलेली वही म्हणजे निव्वळ कादंबरी, कारण पोट भरल्यावर मघाची भूक किती होती ते खरं आठवत नाही.

चौथ्या रकान्यात नुसतं ‘टेन्शन’ लिहू नये. राग, धास्ती, कंटाळा, एकटेपणा, थकवा, यांतलं नेमकं काय ते लिहावं, कारण प्रत्येकाचा उतारा वेगळा. कंटाळ्याला फेरफटका, एकटेपणाला फोन, थकव्याला वीस मिनिटं आडवं होणं. चिवडा यातल्या कशावरच चालत नाही. पाच मिनिटं चालल्यासारखा वाटतो, एवढंच.

एक सोपी परीक्षा म्हणजे समोर ज्वारीची भाकरी आणि पिठलं आलं तर चालेल का, हे स्वतःला विचारणं. चालेल, तर भूक खरी आणि सरळ जेवावं. नाही, शेवच हवी, तर ती तल्लफ. पण भूक आठ-नऊवर गेली की ही परीक्षा निकामी होते, तेव्हा माणूस काहीही खातो.

झोपेचा रकाना जोडला तर उत्तमच. शिकागोत १२ निरोगी तरुणांवर झालेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन रात्री चारच तास झोप मिळाल्यावर पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं आणि घ्रेलिन २८ टक्के वाढलं. माणसं थोडी आणि सगळे पुरुष, तेव्हा आकडे छातीठोकपणे सगळ्यांना लावू नयेत. पण कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याची संध्याकाळची भूक समजून घ्यायला एवढं पुरेसं आहे.

शुक्रवार, एकादशी

‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मानसशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग हवं तेवढं आइसक्रीम खायला दिलं. एरवी मोजून-मापून खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर कमी नव्हे, उलट जास्त आइसक्रीम खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, मग आता कशाला थांबायचं! घरोघरीच्या डाएटचं शुक्रवारी रात्री हेच होतं. जितका नियम कडक, तितकं मोडणं मोठं.

इच्छाशक्तीवर भिस्त नको. वापरली की ती संपते, हा मानसशास्त्रज्ञ बॉमायस्टर यांचा १९९८ चा सिद्धांत फार गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो पडताळला, तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. वाद मिटलेला नाही, पण सहा वाजता स्वतःशी कुस्ती खेळण्यापेक्षा साडेचारलाच सोय करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

साडेचारला मूठभर फुटाणे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. त्यातून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. सोबत एक पेरू किंवा केळं. फुटाणे नको असतील तर एक उकडलेलं अंडं. चुका दोनच होतात: हे खाऊन वर वडापावही खाणं, आणि पावणेसहाला आठवण होणं. तोवर उशीर झालेला असतो.

घरात शिरण्यासाठी जर-तरचा एक ठराव करावा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा ठरावांचा बराच अभ्यास केला आहे. ‘चिवडा खाणार नाही’ हा ठराव टिकत नाही, कारण त्यात करायचं असं काहीच नसतं. ‘चप्पल काढली की हातपाय धुणार, मग ग्लासभर ताक’ हा टिकतो. पारदर्शक बरणी ओट्यावरून उचलून माळ्यावर ठेवावी. खायचंच तर वाटीत काढून, बसून खावं, पिशवीतून उभ्याने नको.

एक गोष्ट मात्र वहीबाहेरची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि भुकेबरोबर घाम, थरथर, छातीत धडधड होत असेल, तर भावना शोधत बसू नये, आधी साखर तपासावी. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठावा. आणि हात आवरत नाही असं भरमसाट खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असेल, तर तो सवयीचा नव्हे, उपचारांचा विषय आहे.