पावसाचे पाणी ठाण्याच्या जमिनीत कुठे मुरते?

ठाण्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एका एकरावर एका पावसाळ्यात सुमारे एक कोटी लिटर पाणी पडते. त्यातले किती जमिनीत मुरते, किती नाल्यांतून खाडीला मिळते आणि हे प्रमाण वस्तीगणिक कसे बदलते, हे दाखवणारा नकाशा शहराच्या पाणीनियोजनाच्या मुळाशी असायला हवा, असे मातीच्या चाचण्यांचे काम करताना मला सतत वाटत आले आहे.

असा नकाशा केवळ भूशास्त्राच्या आधारे काढता येत नाही. येऊरच्या पायथ्याशी बेसाल्ट आणि त्यावर मुरूम, कोलशेत-बाळकुमच्या बाजूला खाडीची चिकणमाती, हे सर्वसाधारण चित्र बरोबरच आहे. परंतु शहरात पाणी ज्या पहिल्या दोन-तीन फुटांतून आत शिरते, तो थर बहुतेक ठिकाणी माणसाने घातलेला भराव असतो. त्यात मुरूम, डेब्रिज, सिमेंटचा गाळ असे सगळे मिसळलेले असते आणि बांधकामाच्या काळात त्यावरून डंपर फिरलेले असतात. मातीचे कण असे दाबले गेले की आधी तिच्यातली मोठी छिद्रे मिटतात, आणि पाणी झपाट्याने खाली जाते ते नेमके याच छिद्रांतून. म्हणून एकाच खडकावरच्या, रस्त्याच्या दोन बाजूंच्या भूखंडांत मुरण्याचा वेग अनेक पटींनी वेगळा निघू शकतो.

तो वेग मोजण्याची पद्धत साधी आहे. तीस आणि साठ सेंटिमीटर व्यासाची दोन लोखंडी कडी एकात एक ठेवून जमिनीत ठोकतात, दोन्हींत पाणी भरतात आणि आतल्या कड्यातली पातळी किती वेळात किती उतरते ते टिपतात. बाहेरच्या कड्यातले पाणी आजूबाजूला पसरते, त्यामुळे आतले पाणी जवळजवळ सरळ खाली जाते. सुरुवातीला कोरडी माती पाणी भराभर ओढून घेते, मग वेग मंदावत एका आकड्यावर स्थिरावतो. नकाशावर घ्यायचा तो हा स्थिर आकडा. एका सोसायटीच्या हिरवळीवर कडी ठोकताना चार बोटांखालीच टणक भराव लागला आणि अर्ध्या तासात पाणी जेमतेम काही मिलिमीटर उतरले. त्याच आवाराच्या कोपऱ्यात जुन्या आंब्याखाली, जिथला पालापाचोळा कोणी झाडून नेत नाही, तिथे बाहेरचे कडे भरेपर्यंत आतले निम्मे रिकामे होत होते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही जागा सारख्याच हिरव्या दिसतात.

केवळ उपग्रहाच्या चित्रांवर विसंबू नये, ते याचसाठी. घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक संकुलांतल्या बागा पोडियमवर आहेत; त्यांच्याखाली वाहनतळाचा स्लॅब असतो आणि त्यांतून झिरपलेले पाणी पाइपाने गटारातच जाते. मुरण्याच्या नकाशावर अशी बाग गच्चीच्या रंगात दाखवली पाहिजे.

खाडीकाठी आणखी एक अडचण येते. तिथे भर पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी जवळ येते आणि मातीत पाण्याला जागाच उरत नाही, त्यामुळे मे महिन्यातली नोंद ऑगस्टसाठी धरता येत नाही. मी तर म्हणेन की खाडीलगतच्या भागाचे उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे नकाशे वेगळेच काढावेत.

या फरकांचा धोरणाशी थेट संबंध आहे. डोंगराच्या पायथ्याला मुरूम आणि भेगाळ खडक असेल, तर शोषखड्डा उपयोगी पडेल. खाडीच्या चिकणमातीत तोच खड्डा दोन सरींत तुडुंब भरून डासांचे घर होईल. तिथे छतावरचे पाणी टाकीत साठवून वापरणे किंवा ते काही तास अडवून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. नवी मुंबईत सिडकोने भरतीच्या वेळी पावसाचे पाणी धरून ठेवण्यासाठी धारण तलाव बांधले, त्यामागे सखल, खाडीलगतच्या जमिनीचा हाच विचार आहे. सरसकट सर्वांना शोषखड्ड्याचा एकच नियम लावल्याने परवानगीची फाइल पूर्ण होते, पाणी मुरेलच असे नाही.

सगळे शून्यापासून मोजावे लागेल, असेही नाही. मोठी इमारत उभी राहण्याआधी पायासाठी भूखंडावर बोअर घेतले जातात आणि त्यांच्या अहवालात भराव किती फूट, चिकणमाती कुठवर, खडक कितीवर लागला, पाणी कितीवर होते, हे सारे नोंदलेले असते. या अहवालांतून मुरण्याचा वेग कळत नाही, पण कुठे मोजायचे ते निश्चित कळते. बांधकाम परवानगीसोबत हे अहवाल ठरावीक नमुन्यात, जागेच्या अक्षांश-रेखांशासह मागवून एका नकाशावर चढवायला महापालिकेने येत्या पावसाळ्याआधी सुरुवात करावी आणि ज्या भागात नव्या शोषखड्ड्यांचे प्रस्ताव आहेत, तिथे सर्वांत आधी कडी ठोकावीत.